नापासची रेघ

फ्लॅगस्टाफ, ९ जानेवारी

विनिफ्रेड एलेन स्टॉडर्ड,

पूर्ण नावाने हाक मारल्याबद्दल तू हसली असतीस. परंतु इतक्या वर्षांच्या संसारात मी तुला ‘विनी’ म्हटले नाही. ते तुझ्या बहिणीने, डोरीनने, तुला दिलेले नाव होते, आणि दुसऱ्याची वस्तू न विचारता घेण्याची मला सवय नाही.

घर व्यवस्थित आहे. छपराच्या पन्हळीतली पाने काढून घेतली. तुझ्या खुर्चीवर मी वर्तमानपत्रे ठेवतो, म्हणजे ती रिकामी दिसत नाही.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. तुझ्या अंत्यविधीला गळ्यात चामड्याची दोरी आणि तिला चांदीचा बगळा अडकवलेले एक गृहस्थ आले होते. नाव एस्कलांते. लाफलिनच्या ‘हेरॉन’ कॅसिनोत फाशांच्या टेबलांवर देखरेख करतात. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, “मिस्टर स्टॉडर्ड, नापासची रेघ ओस पडली हो.” एवढे बोलून ते कॉफीच्या टेबलाकडे वळले.

त्या वेळी मला अर्थ कळला नाही. आता वाचून कळला आहे. त्या टेबलावर दोन रेघा असतात. फासे टाकणारा जिंकावा असे वाटणारे पासच्या रेघेवर चिप, म्हणजे पैशांऐवजीची चकती, ठेवतात, आणि तो हरावा यावर पैसे लावणारे नापासच्या. बहुतेक सारे टेबल पासच्या बाजूने असते. नापासवाल्याकडे, असे लिहिले आहे, लोक फारशा प्रेमाने पाहत नाहीत.

शेजाऱ्यांची वाकलेली पत्रपेटी त्यांना न सांगता सरळ करून येणारी तू. हिवाळ्यामागून हिवाळे डोरीनबरोबर नदीकाठच्या त्या भाड्याच्या चाकांवरच्या घरात, ट्रेलरमध्ये, राहायला जात होतीस, आणि तिथे सकाळी उभी राहून परक्यांच्या हरण्यावर पैसे लावत होतीस? ही तक्रार नाही. मला फक्त जाणून घ्यायचे आहे. ती तुम्हा बहिणींची सुटी होती म्हणून मी कधी सोबत आलो नाही, आणि तूही कधी आग्रह केला नाहीस.

काल डोरीनचे पत्र आले. ‘हेरॉन’ने सकाळच्या टेबलाची किमान बाजी दहा डॉलरवरून पंचवीसवर नेली आहे. तिला आता तिथे उभे राहणे परवडत नाही. ट्रेलरचे भाडे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भरलेले आहे. त्यानंतर ती तो कायमचा सोडून टल्साला मुलीकडे जाणार. तुझे सामान मी घेऊन जावे, असे तिने लिहिले आहे.

तू उत्तर देऊ शकत नाहीस. तेव्हा मी तिलाच विचारतो.

अ‍ॅम्ब्रोज

•

फ्लॅगस्टाफ, १० जानेवारी

प्रिय डोरीन,

आपले पत्र पोचले. सामान नेण्यासाठी मी फेब्रुवारीच्या आरंभी येऊ शकेन.

किमान बाजीच्या अडचणीचा मी थोडा अभ्यास केला. आपणास उपयोग व्हावा म्हणून निष्कर्ष कळवतो. दोन फाशांची पहिल्या फेकीतली बेरीज सात किंवा अकरा आली तर पास जिंकतो. दोन, तीन किंवा बारा आली तर हरतो. अन्य कोणताही आकडा आला तर तो ठरतो, आणि सातच्या आधी तोच पुन्हा आला तरच पासची जीत होते. या रेघेवर कॅसिनोचा हिस्सा शंभराला दीड डॉलरहून कमी आहे. आकडा ठरल्यावर रेघेमागे जी जादा रक्कम लावता येते, तीवर कॅसिनो काहीच कापत नाही. उलट टेबलाच्या मध्यभागी जी रंगीत आमिषे रंगवलेली असतात, तिथे शंभराला दहा-पंधराही जातात. महागड्या टेबलावर म्हणून रेघेवर किमान तेवढेच ठेवावे, जादा रक्कम मागे ठेवावी आणि मध्यभागाकडे पाहूही नये.

आणखी एक. विनिफ्रेड नापासच्या रेघेवर खेळत असे काय? कृपया स्पष्ट लिहावे.

आपला,
अ‍ॅम्ब्रोज स्टॉडर्ड

•

बुलहेड सिटी, १६ जानेवारी

अ‍ॅम्ब्रोज,

तू मला फासे शिकवतोस? मी तुझ्या लग्नाआधीपासून फासे टाकतेय. तुझ्या लग्नातसुद्धा टाकले होते, स्वयंपाकघरात, तुझ्या मामाबरोबर. त्याचं घड्याळ जिंकलं आणि परत दिलं.

आधी एक नियम. तो आकडा लिहायचा नाही. सहाच्या पुढचा, आठच्या अलीकडचा. टेबलाजवळ कुणी त्याचं नाव काढत नाही, आणि माझ्या घरात तर नाहीच. तू एका पत्रात दोनदा लिहिलायस. मी कागद उलटा करून बरणीखाली ठेवला.

तुझा हिशोब बरोबर आहे. बरोबरच असणार, तू आयुष्यभर लोकांच्या नळाला पाणी मोजून दिलंस. पण त्यानं माझं काम होत नाही. मध्यभागाकडे मी कधी पाहिलंच नाही. रेघेवर किमान ठेवायला सांगतोस, पण ते किमानच आता पंचवीसच्या हिरव्या चिपचं झालं की. दोन वाईट फेकी आल्या की माझा आठवडा संपतो आणि कॉफी अजून गरमच असते. मागे ठेवायला जादा आणू कुठून?

टल्सा चांगलं आहे. मार्लीननं गॅरेजवरची खोली रंगवून घेतलीय. खिडकीतून समोरच्यांच्या गॅरेजचं दार दिसतं. इथं मला नदी दिसते, पलीकडचे कॅसिनोंचे दिवे दिसतात आणि सकाळी नावेतून पलीकडे जाताना नावाडी विचारतो, आज कुणाला लुटायचं, डोरीन? टल्सात मला असं कोण विचारणार? असू दे. वय झालं की माणूस खिडकीवर भांडत नाही.

विनीचं विचारलंस. विनी कुठल्या रेघेवर उभी राहायची ते तिचं ती आणि टेबल. सामान न्यायला ये. तिचा हिरवा स्वेटर मी ठेवून घेणार आहे, आताच सांगून ठेवते.

डोरीन

ता. क. फोन करू नकोस. फोनवर तू घसा खाकरतोस आणि गप्प बसतोस. कागदावर निदान बोलतोस तरी.

•

फ्लॅगस्टाफ, २२ जानेवारी

प्रिय डोरीन,

स्वेटर आपणच ठेवावा.

आपण प्रश्नाचे उत्तर टाळले आहे, यावरून उत्तर होकारार्थी असावे, असे मी समजतो. गणिती दृष्टीने नापासची रेघ पासहून किंचित फायद्याची आहे, म्हणून तिने ती निवडली असेल तर तीत गैर काही नाही. तरीही आपण फासे टाकत असताना सख्खी बहीण आपल्या हरण्याची वाट पाहत उभी राहत होती, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तिने आपल्यावर कधी राग धरला होता काय? माझ्याविषयी काही नाराजी होती आणि ती तिथे बाहेर पडत होती काय? मी सत्य ऐकण्यास तयार आहे. ज्या स्त्रीबरोबर आपण राहिलो ती नक्की कोण होती, हे माणसाला ठाऊक असावे, इतकीच इच्छा आहे.

आपला,
अ‍ॅम्ब्रोज

•

बुलहेड सिटी, २९ जानेवारी

अरे वेड्या माणसा,

राग! विनीला? तिला झुरळाचासुद्धा राग यायचा नाही, वहीचा कागद घालून बाहेर सोडायची.

कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून गप्प बसले. पण तू तिकडे बसून असले विचार करणार असशील तर सांगितलेलं बरं.

आम्ही दोघी अनोळखी असल्याचं नाटक करायचो. मी टेबलाच्या या टोकाला, ती त्या टोकाला. मी पासवर जेवढं ठेवायची, तेवढंच ती नापासवर. मी जिंकले की तिचं गेलं, तिचं आलं की माझं गेलं. नावेतून परतताना दोघींच्या पर्सा एकत्र करायचो की जवळपास होतं तेवढंच. फक्त पहिल्या फेकीला बारा आले की पंचाईत. पासवाली हरते आणि नापासवालीला काही मिळत नाही, नुसती चिप जागच्या जागी. तेवढाच कॅसिनोचा नफा. तू काढशील छत्तिसात एकदा की काय ते.

त्या बदल्यात आम्हाला काय मिळायचं? अख्खी सकाळ टेबलाला टेकून उभं राहायला, फासे हातात घ्यायला, ओरडायला आणि वर फुकट न्याहारी. गरम मऊ बिस्किटं आणि वर दाट ग्रेव्ही, दोघींची. महागड्या टेबलावर गरीब बाईनं टिकायचा हा एकच मार्ग मला माहीत आहे, आणि तो एकटीला जमत नाही. म्हणजे दोन्ही रेघांवर एकटीनं ठेवता येतं, पण मग टेबलावरचे लोक हसतात आणि मजा जाते. कुणीतरी समोर लागतं.

पहिल्या दिवशी नापासवर कोण जाणार यावर आमचं भांडण झालं. मला ते लोकांचं बघणं सहन होत नाही, मी रडवेली होते. तर विनी म्हणाली, “मी जाते. माझ्या घरी एक माणूस आहे, तो जगाच्या चुका दाखवतो, जग त्याच्याकडे तसंच बघतं, आणि तरी तो मला आवडतो. मला त्या बाजूची सवय आहे.” तेव्हापासून ती तिथेच. टेबल गार पाडते म्हणून लोक तिला बर्फवाली म्हणायचे. ती हसून मान डोलवायची.

झालं समाधान? आता तू येतोच आहेस, तर एक विचारते. नाही म्हणायचं तर म्हण, मी टल्साचं तिकीट काढते. एक सकाळ तिच्या जागी उभा राहशील?

डोरीन

•

बुलहेड सिटी, सहा फेब्रुवारीचा दुसरा दिवस

अ‍ॅम्ब्रोज,

तू न्याहारीला एक शब्द बोलला नाहीस आणि जेवणाआधी गाडी काढून गेलास, तेव्हा जे बोलायचं ते लिहिते.

टाय बांधून आलास, ते ठीक. नेब्रास्काच्या त्या टोपीवाल्याचे फासे होते तोवर तू खांबासारखा उभा होतास, नापासवर हिरवी चिप ठेवून, अगदी जशी हवी तशी. मी मनात म्हटलं, जमलं याला. मग फासे माझ्या हातात आले. आणि तू काय केलंस? नापासवरची चिप उचललीस आणि पासवर ठेवलीस. वर माझ्याकडे बघून मान झुकवलीस, चर्चमध्ये म्हाताऱ्या बाईला जागा देतात तशी.

सहा ठरले. टेबल खूश. तुझ्या शेजारची ती गुलाबी नखांची बाई घाबरली होती, तर तू तिला धीर द्यायला सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालास की बाईसाहेब, काळजी नसावी, सात येण्याची शक्यता दर फेकीला सहात एक इतकीच आहे. (हे तुझे शब्द आहेत म्हणून तो आकडा लिहिला. आता हात धुऊन येते.)

अ‍ॅम्ब्रोज, तिथे माणसं दारू सांडतात, शिव्या देतात, एकदा एकाचे दात टेबलावर पडले होते. पण इतकी शांतता मी कधी ऐकली नाही. आणि पुढच्याच फेकीला तो आला. गुलाबी नखं तुझ्यापासून दोन हात लांब सरकली.

ते मी माफ केलं. मला आता हसू येतंय, रात्रीपासून येतंय. चिप उचललीस ते नाही माफ केलं. तुला वाटलं, हिच्याविरुद्ध कसं उभं राहायचं, ही विनीची बहीण. मोठं मन तुझं. पण त्यामुळं दोघांचीही चिप गेली. आजूबाजूला सगळं टेबलच पासवर असतं रे. माझ्या बाजूनं उभे राहणारे तिथे ढीगभर. मला शेजारी कुणी नको होतं. मला समोर कुणीतरी हवं होतं. विनी समोर हरायला उभी असायची म्हणून मी जिंकू शकायची, आणि मी हरले तर माझी चिप तिच्या पर्समध्ये सापडायची. तू माझ्या बाजूला आलास आणि मला एकटं पाडलंस.

तिचे चांगले बूट इथेच विसरलास. मुद्दाम विसरला असशील तर तसं कळव. नसशील तर टपालानं पाठवते आणि मार्लीनला होकार देते.

डोरीन

•

फ्लॅगस्टाफ, १२ फेब्रुवारी

प्रिय डोरीन,

बूट तिथेच असू द्यावेत.

आपण लिहिलेले सर्व योग्य आहे. सौजन्य आणि सोबत या एकच गोष्टी आहेत, अशी माझी समजूत होती. आपली हरकत नसेल तर मी शुक्रवारी येईन, आणि त्यानंतरच्या शुक्रवारीही. टल्साला अद्याप काही कळवू नये.

एक व्यावहारिक अडचण आहे. आपण फासे टाकत असताना माझा हात आपोआप चिपकडे जातो. विनिफ्रेडला हे कसे साधत असे?

आपला,
अ‍ॅम्ब्रोज

•

बुलहेड सिटी, १५ फेब्रुवारी

चष्मा काढायची. माझ्या हाती फासे आले की चष्मा काढून स्वेटरला अडकवायची. मग तिला टेबल म्हणजे नुसतं हिरवं धुकं दिसायचं. काय आलं ते फासे काठीनं ओढणारा तो काठीवाला पुकारायचा तेव्हाच कळायचं, आणि तोवर हात हलवायची वेळ गेलेली असायची.

तुझ्या चष्म्याचा नंबर तिच्याहून जास्त आहे. जमेल.

टाय नको.

डोरीन

•

बुलहेड सिटी, सहा एप्रिलचा दुसरा दिवस

विनिफ्रेड,

तारीख अशी का लिहिली, ते तुला सांगण्याची गरज नाही.

फेब्रुवारीच्या मध्यापासून मी दर शुक्रवारी इथे आलो, आणि मार्चमध्ये तर राहिलोच. मी ट्रेलरच्या बाकावर झोपतो. तो माझ्या उंचीला पुरत नाही, हे डोरीन रोज सकाळी मला सांगते. नावाडी आता मलाही विचारतो, आज कुणाला लुटायचे. पहिल्यांदा मी त्याला सांगितले की लुटण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. डोरीनने माझ्या पायावर पाय दिला. आता मी म्हणतो, बघू या.

काल शेवटची सकाळ होती. माझी जागा म्हणजे तुझी जागा, काठीवाल्याच्या डावीकडची, जिथे लाकडी कठडा गुळगुळीत झाला आहे. तो तुझ्याच कोपरांनी झाला असावा, असे मी धरून चालतो. डोरीनकडे फासे आले तेव्हा मी चष्मा काढून खिशात ठेवला. सारे हिरवे झाले. त्या धुक्यात तिचा लाल कोट तेवढा हलताना दिसत होता.

तिने फार वेळ फासे टाकले. पुकारा होत होता, टेबल ओरडत होते, आणि माझी एकेक चिप उचलली जात होती. मी आयुष्यात इतक्या शांतपणे कधी हरलो नाही. माझ्यासमोरून जे जात होते ते टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहत होते, आणि ते मला दिसत नसले तरी ठाऊक होते. एकदा पहिल्याच फेकीला बारा आले. तेव्हा लाल कोट माझ्या दिशेने वळला आणि त्याने खांदे उडवले. मीही उडवले. शेवटी तो आकडा आला. टेबल हळहळले, आणि नेब्रास्काच्या टोपीवाल्याने माझ्याकडे पाहून म्हटले, “बर्फवाल्या, आता तरी हस.” मी हसलो, विनिफ्रेड. मला ते नाव आवडले.

त्याच वेळी चांदीचा बगळा माझ्या कोपराशी आला. एस्कलांते यांनी मी चष्मा लावेपर्यंत थांबून हळूच म्हटले, “मिसेस स्टॉडर्डही असाच काढायच्या.”

मी म्हणालो की मला त्या बाईंची ओळख नाही. नाटकाचा नियम तोच आहे.

“बरोबर,” ते म्हणाले. “आणि त्या लाल कोटाचीही नसेल. तरी इतकी वर्षं दोन अनोळखी बायका एका बशीतून ग्रेव्ही खात होत्या. साहेब, सगळ्या टेबलाला ठाऊक होतं. वरच्या लोकांना हरकत घ्यायची असती तर केव्हाच घेतली असती. किमान बाजी वाढली तेव्हा आम्हाला भीती वाटली ती एवढीच, की आता लाल कोटही येणार नाही.” मग त्यांनी माझ्या पुढ्यातली रेघ बोटाने हलकेच पुसल्यासारखी केली. “ही जागा भरली, बरं झालं.”

तेव्हा मला त्यांचे अंत्यविधीतले वाक्य नीट समजले. ते तुझ्याबद्दल काही उघड करत नव्हते. त्यांना तुझी आठवण येत होती. ज्यांच्या हरण्यावर तू पैसे लावत होतीस त्या साऱ्यांना तू आवडत होतीस, आणि मला वाटले होते की ही गोष्ट फक्त मलाच माहीत आहे.

न्याहारीच्या वेळी मी हे डोरीनला सांगितले. तिचा काटा हवेतच राहिला. इतकी वर्षे तिने टेबलाजवळ तुझ्याकडे कधी सरळ पाहिलेदेखील नव्हते, पकडले जाऊ म्हणून. “म्हणजे मी उगीच मान वाकडी करून उभी राहिले?” ती म्हणाली. “माझी मान त्यामुळंच दुखते.” मग ती इतकी हसली की वाढणाऱ्या मुलीने पाणी आणून ठेवले. डोळे पुसून झाल्यावर तिने स्वतःच्या बशीतले अर्धे बिस्किट माझ्या बशीत ठेवले. मी ते खाल्ले. ग्रेव्ही फार खारट असते, हे तू मला कधी सांगितले नाहीस.

टल्साला ती जाईल, पण उन्हाळ्यापुरती. मार्लीनला तसे कळवले आहे. गॅरेजवरची खोली रंगवलेली आहे, ती वाया जाणार नाही.

आज सामान आवरले. तुझे चांगले बूट आणि घडीची खुर्ची आवारातल्या कोठीत ठेवली, हिवाळ्यात पुन्हा लागतील म्हणून. हिरवा स्वेटर डोरीनच्या अंगावर आहे. ट्रेलरांच्या आवाराच्या व्यवस्थापिका मिसेस ओडेल यांनी विचारले, नोव्हेंबरसाठी ट्रेलर कुणाच्या नावे लिहू? डोरीनने स्वतःचे नाव सांगितले आणि माझ्याकडे पाहिले. मी माझे सांगितले. मिसेस ओडेल यांनी आमचे नाते विचारले. मी घसा खाकरला. डोरीन म्हणाली, “काही नाही हो. आम्ही समोरासमोर उभे राहतो.”

ती गाडीत जाऊन बसली आहे आणि भोंगा वाजवते आहे. विनी म्हणण्याची परवानगी मी तिच्याकडून घेतली. ती म्हणाली, इतकी वर्षे कशाला थांबलास.

तर, विनी. गॅसची तोटी बंद केली. पाण्याचा नळ बंद केला. दाराला कुलूप लावले, ओढून पाहिले, आणि दोन्ही किल्ल्या मिसेस ओडेल यांच्या हाती परत दिल्या.